तळाचे खातेदार

आमच्या घराण्यात दोन व्याधी वंशपरंपरेने चालत आल्या आहेत. एक मधुमेह आणि दुसरी मुंबईचा रणजी संघ. पहिलीवर निदान गोळ्या तरी मिळतात. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी ओळीने १५ वर्षं मुंबईने रणजी करंडक जिंकला. वडील हे इतक्या अधिकाराने सांगत, की त्यातल्या एकदोन सामन्यांत तेच नाइट वॉचमन म्हणून गेले होते की काय, असं वाटावं.

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. संघाकडेही पासबुक उघडूनच बघतो. मार्च २०२४ मध्ये विदर्भाला हरवून ४२ वं विजेतेपद जमा झालं. (सौ. माहेरची नागपूरची. त्यानंतर दोन दिवस आमच्या वरणात मीठ नव्हतं.) ऑक्टोबरात इराणी करंडक २७ वर्षांनी घरी आला. लगेच बडोद्याने ८४ धावांनी हरवलं, पण ती नोंद मी कारकुनी चूक म्हणून सोडून दिली.

मग जानेवारी २०२५ उजाडला. ऑस्ट्रेलियात भारताचं पानिपत झालं होतं, तेव्हा बड्या खेळाडूंनी रणजी खेळावं असं फर्मान निघालं. जम्मू-काश्मीरविरुद्ध बीकेसीच्या मैदानावर आमच्याकडे कोण नव्हतं? रोहित, जयस्वाल, रहाणे, श्रेयस, दुबे! या पाहुण्यांना पाट मांडायचे म्हणून विरारच्या आयुष म्हात्रेला बाहेर बसवलं. वय वर्षं १७, आणि याच हंगामात महाराष्ट्राविरुद्ध १७६ काढलेला मुलगा. आमच्या बँकेतही असंच होतं. बडा ग्राहक आला की साहेब चहा मागवतात आणि रांगेतल्या पेन्शनर आजोबांना ‘जरा थांबा हं’ म्हणतात.

धावफलक ७ बाद ४७. सर्वबाद १२०, त्यातल्या ५१ एकट्या शार्दुल ठाकूरच्या. दुसऱ्या डावात रोहितने २८ केल्या आणि पुन्हा ७ बाद १०१. तिथून शार्दुल आणि तनुष कोटियन यांनी आठव्या विकेटसाठी १८४ जोडल्या. हा शार्दुल पालघरचा. किटबॅग घेऊन लोकलने यायचा. गर्दीच्या वेळी त्या विरार गाडीत मला नुसती छत्री घेऊन शिरता येत नाही! त्या गाडीतून जो धडधाकट उतरतो त्याला बाउन्सरचं काय भय?

शनिवार २५ जानेवारी. चौथा शनिवार, म्हणजे बँकेला सुट्टी. आघाडी १८८ ची आणि शार्दुल ११३ वर नाबाद. कांदिवलीहून वांद्रे, तिथून शेअर रिक्षा, डब्यात पोहे, असा मी पोहोचलो. शेजारी दोन तरुण होते. “काका, रोहित कधी येणार?” मी म्हटलं, “बाबांनो, तो काल येऊन गेला.” दोघं उठून गेले. त्यांच्या पाठोपाठ आमच्या शेवटच्या तीन विकेटही गेल्या, १६ धावांत. जम्मू-काश्मीरने ५ गडी राखून सामना घेतला. २०१४ मध्ये वानखेडेवरही त्यांनी हेच केलं होतं, तेव्हा याला अपघातही म्हणवेना.

माझी तक्रार बड्यांनी धावा केल्या नाहीत ही नाही. एखाद्या दिवशी कुणाचाही चेक परत येतो. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये याच कोटियनने आणि तुषार देशपांडेने दहाव्या-अकराव्या क्रमांकावर येऊन शतकं ठोकली होती. तळ इतका चांगला खेळतो म्हणून माथ्याने किती उधारी करावी? पुढच्या सामन्यात पाहुण्यांपैकी रोहित, जयस्वाल, श्रेयस नव्हते. शार्दुलने हॅट्ट्रिक घेतली, मेघालय ६ बाद २! डाव आणि ४५६ धावांनी जिंकलो. तरीही पुढे जायला बडोद्याचा पराभव हवा होता आणि तो कुणी केला? जम्मू-काश्मीरने. ज्याने खिसा कापला त्यानेच रिक्षाचे पैसे दिले.

उपांत्य फेरीत गाठ पडली विदर्भाशी, तीही नागपुरात. ४०६ हव्या होत्या, ३२५ झाल्या. शार्दुलच्या ६६. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून खमंग वास आला. पाटवडी-रस्सा! नागपुरी, झणझणीत.

“आज काय विशेष?” मी विचारलं.

“कुठे काय,” सौ. म्हणाली. “मीठ बरोबर आहे ना, तेवढं सांगा.”