खोक्यावरचे आकडे आणि आतली आज्ञावली

स्वस्त फोनची जाहिरात आकड्यांत बोलते. रिलायन्स जिओ आणि गुगल यांनी मिळून तयार केलेला जिओफोन नेक्स्ट ४ नोव्हेंबर २०२१ रोजी, ऐन दिवाळीत, बाजारात आला. किंमत ६,४९९ रुपये, पडदा ५.४५ इंची, कॅमेरा १३ मेगापिक्सेल, रॅम २ जीबी, साठवण ३२ जीबी. जाहिरातीचा धुरळा आता खाली बसला आहे, तेव्हा त्याची परीक्षा शांतपणे करता येईल. नंतरच्या स्वस्त फोनांनाही तीच कसोटी लावता येते. आम्ही ती करताना मुदखेड परिसरातले फुलशेती करणारे एखादे घर डोळ्यांसमोर ठेवले आहे. घरात फोन एकच. दिवसा तो वडिलांबरोबर बाजारात जातो आणि संध्याकाळी मुलीच्या अभ्यासासाठी हाती येतो.

आधी कॅमेरा. हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. या फोनचा पडदा १४४० × ७२० बिंदूंचा, म्हणजे १०,३६,८०० बिंदूंचा. छायाचित्र १ कोटी ३० लाख बिंदूंचे. संपूर्ण चित्र पडद्यावर पाहताना त्यातले साडेबारा बिंदू मिळून पडद्याचा एक बिंदू होतो! वहीचे पान टिपायचे तर बिंदूंच्या संख्येपेक्षा खिडकीतला उजेड आणि स्थिर हात यांचाच उपयोग अधिक. चित्राची फाइल मात्र मोठी होते आणि साठवण भरत जाते. त्या ३२ जीबींतही काही जागा आज्ञावलीने आधीच व्यापलेली असते.

रॅमचे तसे नाही. साठवण म्हणजे कपाट, तर रॅम म्हणजे काम करायचे टेबल. टेबल लहान असले की नवे काम मांडताना जुने उचलावे लागते. शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धा भरून मुलगी कागदपत्राचा फोटो काढायला कॅमेऱ्याकडे वळली, की अर्जाचे पान रॅममधून काढून टाकले जाऊ शकते. परत यावे तर रकाने कोरे. यात मुलीचा हलगर्जीपणा नाही, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. अशाच लहान टेबलासाठी गुगलने अँड्रॉइडची ‘गो’ ही हलकी आवृत्ती २०१७ मध्ये आणली. जिओफोन नेक्स्टमधली ‘प्रगती’ प्रणाली तिच्यावरच बेतलेली होती.

या प्रणालीतली आम्हाला सर्वांत मोलाची वाटलेली सोय आकड्यांत येतच नाही. पडद्यावरचा मजकूर ती मोठ्याने वाचून दाखवी आणि त्याचे भाषांतरही करी. मुदखेडला निजामाबाद आणि आदिलाबादकडचे लोहमार्ग वेगळे होतात. तिथे तेलुगू मजकूर समोर येणे नवलाचे नाही. अक्षरओळख नसलेल्या आजीला तर अशा वाचनाने बँकेचा संदेश दुसऱ्याकडे न नेता कळू शकतो. पण यंत्राचे मराठी खरोखर मराठी आहे का? कोणत्याही फोनवर ‘चार गाईंना चारा घाल’ हे वाक्य वाचवून पाहावे. दोन्ही शब्दांत अक्षर ‘च’ एकच, उच्चार मात्र दोन. लिपी हा फरक दाखवत नाही. तो शब्दागणिक माहीत असावा लागतो. ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण, इथे तर पूर्ण वाक्याचा अर्थ लागल्याशिवाय उच्चार ठरत नाही. विद्यार्थ्यांनी असे शब्द गोळा करून यंत्राची परीक्षा घ्यावी. भाषेचा तास आणि विज्ञानाचा तास एकदमच होईल.

आता उणिवा. या फोनवर इंटरनेट चालत असे ते जिओच्याच सिमकार्डावर. यंत्रात तशी काही तांत्रिक अडचण नव्हती. हे कुलूप आज्ञावलीने घातलेले होते. ज्या गावात दुसऱ्याच कंपनीचा मनोरा जवळ आहे, तिथल्या गिऱ्हाइकाला ६,४९९ रुपये मोजूनही निवड नाही. हे आम्हाला मुळीच पटत नाही.

दुसरी उणीव बहुतेक स्वस्त फोनांची आहे. आज्ञावलीत सापडणारी छिद्रे बुजवण्यासाठी वेळोवेळी दुरुस्त्या पाठवाव्या लागतात. त्या थांबल्या तरी फोन चालूच राहतो, म्हणून धोका दिसत नाही. पैशांचे व्यवहार तर त्याच फोनवरून होतात. औषधाच्या पाकिटावर मुदत छापतात, फोनच्या खोक्यावर ही मुदत सहसा नसते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार एखाद्या फोनची विक्री थांबल्यावरही किमान ५ वर्षे त्याच्या आज्ञावलीच्या सुधारणा उपलब्ध असाव्या लागतात. आपल्याकडच्या दुकानात मेगापिक्सेल विचारण्याआधी हा प्रश्न विचारावा. घरी असलेल्या अँड्रॉइड फोनच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अबाउट फोन’ किंवा ‘सिक्युरिटी’ या भागात शेवटच्या सुरक्षा-दुरुस्तीची तारीख सापडते. नववी-दहावीच्या मुलांना ती लिहून आणायला सांगून फळ्यावर यादी करावी.