परतीचे वाङ्मय आणि एक उघडे दार

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात घर सोडून जाणाऱ्यांची वाण नाही. धर्मांतर केले म्हणून घराबाहेर पडलेले, पोटासाठी बोटीवर चढलेले, आखातात गेलेले असे कितीतरी जण आमच्या कथा-आत्मकथांतून भेटतात. परतणारे मात्र थोडे, आणि लहान मुलांना घेऊन परतून पुन्हा चूल मांडणारे त्याहून थोडे. वसईची किंवा गोव्याची पार्श्वभूमी असलेली परतीची कथा बहुधा विमानतळावरच संपते. सामानाच्या पेट्या, आजीच्या डोळ्यांतले पाणी, आणि पूर्णविराम. पेट्या उघडल्यावर काय होते, रविवारच्या मराठी मिस्सेला मूल तोंड मिटून का बसते, आजीच्या कादोडीला नातू इंग्रजीत उत्तर देतो तेव्हा त्या ओट्यावर परके कोण ठरते, हे लिहिण्याजोगे आहे असे आमच्या कथाकारांना क्वचितच वाटले. दोष त्यांचा एकट्यांचा नव्हे. आम्हा समीक्षकांनाही परतणे म्हणजे प्रवासाचा शेवट वाटत आला. ती एका नव्या आणि अधिक अवघड वस्तीची सुरुवात असते, या दृष्टीने आपण आपले जुने ग्रंथही वाचले नाहीत.

पवित्र शास्त्र या बाबतीत अधिक जागे आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात इजिप्तमधून परतणाऱ्या पवित्र कुटुंबाला अवघी पाच वचने मिळाली आहेत. हेरोद मरण पावतो, योसेफ बालकाला व त्याच्या आईला घेऊन निघतो. पण यहूदीयात अर्खेलाव राज्य करतो आहे हे ऐकून त्याला भीती वाटते, तो वाट बदलतो आणि गालीलात नासरेथला बिऱ्हाड करतो. चित्रकारांनी पलायनाचा प्रसंग वारंवार रंगविला, परतीकडे फार थोडे वळले. वस्तुतः पलायनात नाही असे काहीतरी या पाच वचनांत आहे: मायदेशाच्या सीमेवर पाऊल ठेवताना वाटणारी मायदेशाची भीती. नहेम्याच्या ग्रंथात तर बंदिवासातून परतलेल्या समाजातील निम्मी मुले अश्दोदी भाषा बोलतात, त्यांना यहूदी भाषा येत नाही, अशी नोंद आहे. त्यावर नहेम्या संतापतो, शाप देतो, माणसांना मारतो, केस उपटतो. वडीलधाऱ्यांचा संताप ग्रंथात आला. त्या मुलांचे अश्दोदी बोल मात्र आले नाहीत.

हे सारे मनात ठेवून आम्ही पंडिता रमाबाईंकडे वळतो. समाजसुधारक रमाबाई, विदुषी रमाबाई, धर्मांतरित रमाबाई यांच्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. परदेशातून लहान मुलीसह मायदेशी येऊन घर मांडणारी ख्रिस्ती आई म्हणून त्यांचे वाचन झालेले आमच्या तरी पाहण्यात नाही. १८८३ साली पंचवीस वर्षांच्या विधवा रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने रमाबाई अमेरिकेस गेल्या, आणि फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईस उतरल्या. त्या वर्षी मनोरमा आठ वर्षांची झाली. जाताना हे दोन माणसांचे घर हिंदू होते, येताना ख्रिस्ती होते. मधल्या काळात देश तोच राहिला होता, पण वाट पाहणारे कोणी उरले नव्हते. आईवडील, भाऊ आणि पती हे सारे रमाबाईंनी जाण्यापूर्वीच गमावले होते.

या परतीचा खरा ग्रंथ म्हणजे रमाबाईंचा पत्रव्यवहार. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनी तो संकलित केला आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली इंग्रजीतून प्रसिद्ध केला. त्याला परतीचा ग्रंथ म्हणणे काहींना विचित्र वाटेल, कारण त्यातील महत्त्वाची पत्रे परतण्याच्या कितीतरी आधीची आहेत. आम्हांला मात्र त्यातच मर्म दिसते. परत जायचेच आहे हे ज्या आईच्या मनात पक्के असते, तिची परती परदेशातल्या जेवणाच्या टेबलावरच सुरू होते. रमाबाईंनी मांसाहार पत्करला नाही, तेव्हा भगिनींना त्यात जुन्या जातीचा अभिमान दिसला. क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत हे रमाबाईंना मानवेना. जी भाषा आपल्या लोकांना कळत नाही ती आपल्या संस्कृतपेक्षा अधिक पवित्र कशी, असा त्यांचा रोख होता. (दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने वेदीवर लोकभाषेला स्थान दिले ते यानंतर सुमारे ८० वर्षांनी. आमच्या वाचकांनी ही पत्रे वाचताना तेवढे ध्यानात घ्यावे.) चेल्टनहॅमच्या कॉलेजात रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही हा वाद निघाला, त्यात हिंदुस्थानातील बिशपांनाही मत विचारले गेले. त्यांना काळजी होती ती मायदेशी गेल्यावर लोक काय म्हणतील याची. म्हणजे परतीची चिंता दोन्ही पक्षांना होती. ती कोणी वाहायची, यावर भांडण होते.

या भांडणाचा सर्वांत नाजूक धागा मनोरमा हा आहे. तिने काय शिकावे, कोणती तत्त्वे तिच्या कोवळ्या मनावर बिंबवावीत, हे ठरविण्याचा अधिकार आईचा की मठाचा? मुलगी इंग्रज होऊन वाढू नये, आपल्या देशाचे नाव निघाले की तिला संकोच वाटू नये, ही रमाबाईंची तळमळ पत्रांतून पुनःपुन्हा येते. सिस्टर जेराल्डिन यांच्या टिप्पण्यांत या आग्रहाला अहंकार म्हटले जाते. आम्हांला तसे वाटत नाही. आईला जो दिवस डोळ्यांसमोर दिसत होता तो भगिनींना दिसत नव्हता, एवढाच या मतभेदाचा अर्थ आहे. मनोरमेला वाँटेजहून कधीतरी निघायचे होते, आणि निघाल्यावर जेथे जायचे तेथे वाँटेजचे शिष्टाचार तिच्या उपयोगी पडणार नव्हते.

तरीही रमाबाईंची बाजू निर्दोष ठरवून मोकळे होण्याची घाई आम्ही करणार नाही. ज्यांच्या शिकवणुकीविषयी त्यांचा असा कडवा आक्षेप होता, त्यांच्याच हाती मुलीचा सांभाळ बराच काळ राहिला. आई चेल्टनहॅमला आणि मूल वाँटेजला, पुढे आई अमेरिकेत आणि मूल इंग्लंडात, असेही दिवस आले. आणि ज्या जेराल्डिनशी एवढा वाद, त्यांना रमाबाई पत्रांत ‘आजीबाई’ म्हणतात. या एका मराठी शब्दावर आम्ही पत्रे वाचताना थांबलो. मनोरमेला सख्खी आजी उरली नव्हती. जी होती ती ही इंग्रज, मठवासी, हट्टी आणि माया लावणारी आजीबाई. आमच्या कथांत मूल परततांना आजीकडे येते. येथे मूल मायदेशी आले ते आजीला परदेशी ठेवून. या परतीत वियोगही आहे हे चरित्रकार नोंदवीत नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने आजीबाई ही वादातली प्रतिपक्षी असते.

‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा रमाबाईंचा मराठी ग्रंथ परतीच्याच वर्षी, १८८९ साली, प्रसिद्ध झाला. परतणाऱ्या माणसाने स्वदेशीयांपुढे ठेवलेली ती शिदोरी आहे. राज्यव्यवस्था, गृहस्थिती, शिक्षण, स्त्रियांची चळवळ असे सारे त्यात आहे. गद्य नेटके, निरीक्षण तीक्ष्ण. परंतु ग्रंथात एवढ्या लोकांचे संसार असून लेखिकेचा स्वतःचा संसार वाचकाला शोधावा लागतो. हा संकोच त्या काळाचा आहे, विदुषीच्या भूमिकेचाही आहे. येथे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ‘स्मृतिचित्रे’मध्ये देशांतर नाही, आहे ते ख्रिस्ती झालेल्या पतीच्या घरी लहान दत्तूला घेऊन जाणे. पण त्या जाण्यातले पाण्याचे भांडे, वेगळी चूल, सोवळे आणि ते एकेक करून गळून पडणे, हे सारे लक्ष्मीबाईंनी लिहिले. घर मांडणे म्हणजे काय, हे रमाबाईंच्या ग्रंथांतून नव्हे, तर लक्ष्मीबाईंकडून कळते. तोच दत्तू, म्हणजे देवदत्त नारायण टिळक, पुढे मोठेपणी रमाबाईंचा चरित्रकार झाला, हा योग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो.

मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले. गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, ही तेथली पहिली विधवा विद्यार्थिनी. पुढच्या वर्षी सदन पुण्यास गेले. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचे, कोणाच्या आचारात ढवळाढवळ करायची नाही, या अटीवर रानडे-भांडारकरांसारख्यांनी त्याला पाठबळ दिले होते. आता या व्यवस्थेतली अडचण पाहा. शारदा सदन ही संस्था होती, आणि तेच मायलेकींचे घरही होते. संस्थेला तटस्थ राहता येते, घराला कसे येणार? रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. सदनातील काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. पुण्यात गहजब झाला, ‘केसरी’ने झोड उठविली, पालकांनी मुली काढून नेल्या आणि १८९३ साली रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले.

या प्रकरणावर शंभर वर्षांहून अधिक काळ लिहिले जात आहे. कोणी विश्वासघात म्हणतो, कोणी धर्मस्वातंत्र्य. आम्हांला एकच गोष्ट खटकते. या साऱ्या लेखनात दाराच्या बाहेर उभे असलेल्यांचा विचार होतो, आत गुडघे टेकून बसलेल्या लहान मुलीचा होत नाही. वाँटेजला प्रार्थना ही सर्वांची होती. तिथे दार उघडे की मिटलेले हा प्रश्नच नव्हता. पुण्यात त्याच प्रार्थनेसाठी दार लावून घ्यावे अशी अपेक्षा होती. रमाबाईंनी ते लावले नाही, आणि त्याची किंमत मोजली. धोरण म्हणून त्यांचे चुकले असे म्हणण्यास जागा आहे. तटस्थतेचे वचन दिलेल्या संस्थेत चालकाच्या वर्तनाचे वजन मुलींवर पडते, हा रानडे-भांडारकरांचा मुद्दा आम्ही हलका मानीत नाही. पण आई म्हणून त्यांच्यापुढे दुसरा कोणता मार्ग होता? ज्या मुलीला आपल्या देशाची लाज वाटू नये म्हणून त्या वाँटेजशी भांडल्या, तिलाच आता आपल्या देशात आपल्या प्रार्थनेची लाज वाटू द्यायची? पत्रव्यवहारातली वाँटेजची भांडणे आणि पुण्यातले उघडे दार ही चरित्रकारांनी दोन वेगळ्या प्रकरणांत टाकली आहेत. ती एकाच आग्रहाची दोन टोके आहेत, आणि तो आग्रह मनोरमेसाठी आहे.

आमच्या आजच्या लेखकांनी या दाराकडे पाहावे. १९९० साली कुवेतमधून भारतीयांना विमानांनी आणले गेले, त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. त्यानंतरही कंत्राट संपले, नोकरी गेली किंवा मुलांचे शिक्षण आले म्हणून आमच्या धर्मग्रामांत कुटुंबे परतत राहिली आहेत. त्यांच्या मुलांना दार बाहेरून बंद वाटते. धर्मशिक्षणाच्या वर्गात मराठी प्रार्थना पाठ नसल्याबद्दल ती हसण्याचा विषय होतात आणि घरी येऊन गप्प बसतात. हे दुःख रमाबाईंच्या दुःखाएवढे मोठे नाही असे कोणी म्हणेल. असेल, परंतु वाङ्मयाला दुःखाची लांबीरुंदी मोजून विषय निवडायचा नसतो. आमच्याकडे येणाऱ्या कथांत हे मूल फार तर एखाद्या विनोदी वाक्यापुरते येते: ते ‘च’ आणि ‘ळ’ चुकीचे उच्चारते आणि घरचे हसतात. त्या हसण्यावर लेखकाने दोन पाने अधिक थांबावे.

मनोरमा पुढे शिक्षणासाठी पुन्हा परदेशी गेली आणि पुन्हा परत आली. आईच्या कामात खपली आणि १९२१ साली वारली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. शेवटच्या वर्षांत त्या केडगावला हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. तरुणपणी क्रुसावर संस्कृत अक्षरे मागणाऱ्या या पंडितेने या भाषांतरात संस्कृताचा भार जाणीवपूर्वक टाळला आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी वापरण्याचा यत्न केला. १९२४ साली मुक्ती छापखान्यातून ते बायबल बाहेर पडले तेव्हा मायलेकींपैकी कोणीच नव्हते.