‘उंबरठा’: एक सुटलेला प्रश्न

वरळीच्या दूरदर्शन केंद्रांतून एके काळीं बातम्या सांगणाऱ्या स्मिता पाटील जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटांत सुलभा झाल्या. इब्सेनची नोरा १८७९ सालीं घराबाहेर पडली. पुढें काय, हें नाटकानें सांगितलें नाहीं. तें ‘उंबरठा’ सांगूं पाहतो. महिलाश्रमाची अधीक्षिका झालेली सुलभा तेथील अन्यायाशीं झगडून परतते, तों घरांत तिची जागा उरलेली नसते.

तथापि पतीचा परस्त्रीसंबंध दाखवून कथेनें प्रश्न सोपा केला, असें आम्हांस वाटतें. पति दोषी ठरतांच सुलभेचें पुन्हां जाणें क्षम्य होतें. तो निर्दोष असता तर? तरीहि स्वतःच्या कार्यासाठीं जाण्याचा तिचा हक्क मान्य करावयास आपलीं सुशिक्षित घरें तयार आहेत काय?