संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमातील सुरक्षेचे स्थान : एक चिकित्सा

एसीएम व आयईईई कॉम्प्युटर सोसायटी यांच्या २०१३ च्या आराखड्यात माहिती-सुरक्षेस प्रथमच स्वतंत्र ज्ञानक्षेत्राचा दर्जा मिळाला. त्यासाठी गाभा-तासिका केवळ ९ होत्या. साठाहून अधिक तासिकांचा सुरक्षाविषयक आशय प्रोग्रॅमिंग, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क आदी क्षेत्रांत विभागलेला होता. २०२३ च्या आवृत्तीतही सुरक्षा हे ज्ञानक्षेत्र कायम राहिले.

ही विभागणी तत्त्वतः योग्यच होय. १९८८ च्या मॉरिस वर्मने ज्या मार्गांनी शिरकाव केला, त्यांपैकी एक सी भाषेतील ‘गेट्स’ या फंक्शनचा असुरक्षित वापर हा होता. म्हणजेच सुरक्षेचा पहिला पाठ प्रथम वर्षाच्या सीच्या तासालाच द्यावयास हवा. अंतिम वर्षाच्या ऐच्छिक विषयापर्यंत तो लांबविणे अयोग्य ठरते.

तथापि, विभागलेला आशय कोणी शिकवावा व कसा तपासावा, हे ठरविणे संस्थांवर सोपविलेले आहे. सर्वांची जबाबदारी ती कोणाचीच नव्हे, हा धोका येथेच उद्भवतो. २०१७ मध्ये सायबर सुरक्षेच्या पदवीसाठी ८ ज्ञानक्षेत्रांचा स्वतंत्र आराखडा आला. परंतु त्यामुळे संगणकशास्त्राचे दायित्व संपत नाही. प्रत्येक मूलभूत विषयाच्या प्रश्नपत्रिकेत व प्रात्यक्षिकांत सुरक्षेस निश्चित गुण ठेवल्याखेरीज ही तरतूद कागदावरच राहील, असे म्हणावे लागते.