स्टेपल इनच्या दर्शनी भागाची साक्ष

लंडनमध्यें हॉबर्न रस्त्यावर स्टेपल इन नांवाची लांकडी सांगाड्याची जी इमारत आहे, तिचा उल्लेख एलिझाबेथ राणीच्या काळच्या घरबांधणीचा अस्सल नमुना म्हणून वारंवार केला जातो. खालीं दुकानांची ओळ, वर रस्त्यावर पुढें आलेले मजले आणि माथ्यावर सात त्रिकोणी शिखरें, असें तिचें रूप आहे. या रूपाची साक्ष इतिहासाभ्यासकानें कितपत मानावी, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

कायद्याच्या उमेदवारांची ही संस्था ग्रेज इनशीं संलग्न असे. प्रस्तुत दर्शनी भाग १५८६ च्या सुमाराचा असून, १६६६ ची आग हॉबर्नपर्यंत न पोहोंचल्यामुळें तो वांचला. अशा बांधणींत सारा भार ओकच्या खांबांवर व तुळयांवर असतो. भिंत हा केवळ भरणा. वाड्याचे खण ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस हें तत्त्व नवें नाहीं.

दुकानांनीं जुनीं घरें विद्रूप केलीं, ही तक्रार नेहमींची आहे. आम्हांस ती येथें मान्य नाहीं. रस्त्याकडे दुकान व वर वसति ही मांडणी त्या काळच्या शहरी घरांत सर्रास आढळते. खरा फेरफार दुकानदारांनीं नव्हे, तर जीर्णोद्धार करणारांनीं केला. पुढील काळांत हीं लांकडें गिलाव्याखालीं झांकलेलीं होतीं. १८८६ मध्यें प्रुडेन्शियल विमा कंपनीनें इमारत विकत घेतली, आणि वास्तुविशारद आल्फ्रेड वॉटरहाउस यांनीं तो गिलावा काढून लांकडें उघडीं केलीं. या कृत्याची स्तुति पुष्कळ झाली. परंतु गिलावा हाही इमारतीच्या इतिहासाचा एक थरच होता, आणि तो परत मिळणारा नाहीं! शिवाय काळीं लांकडें व पांढरा भरणा हा जो ठसठशीत विरोध आज ‘जुना’ म्हणून वाखाणला जातो, तो बह्वंशीं एकोणिसाव्या शतकाच्या आवडीचा आहे. पूर्वीं ओक अनेकदां रंगाशिवायच ठेवीत.

पुढें १९३७ मध्यें दर्शनी भाग राखून मागील बांधणी मोठ्या प्रमाणांत नवी करण्यांत आली. १९४४ च्या ऑगस्टांत उडत्या बाँबनें आंतील सभागृह उद्ध्वस्त झालें. तें युद्धोत्तर काळांत पुन्हा उभारलें. तेव्हां मजल्यांची ठेवण व शिखरांची रांग यांविषयीं या इमारतीची साक्ष आम्ही ग्राह्य धरतों. पृष्ठभागाविषयीं व अंतर्भागाविषयीं नाहीं.

याच शहरांत लिबर्टी कंपनीनें १९२४ मध्यें ‘इंप्रेग्नेबल’ व ‘हिंदुस्तान’ या मोडीत निघालेल्या युद्धनौकांचीं लांकडें वापरून ट्यूडर धर्तीचें दुकान बांधलें. तेथें लांकूड जुनें, घर नवें. उलट स्टेपल इनमध्यें आराखडा जुना, घराचा बराच भाग नवा. नुसत्या डोळ्यांस दोन्हीं सारखींच प्राचीन भासतात, म्हणून छायाचित्रावरून काल काढूं नये. सांधे, लांकडी खुंट्या, आणि जोडणीपूर्वीं सुतारांनीं कोरलेल्या अंकखुणा जेथें शिल्लक असतील, तेथून तपास सुरू करावा.