विहाराच्या भिंतीवरील माती

औसा परिसरातील विहारांच्या सजावटीचा विचार करताना आम्हांस प्रथम तेरणाकाठचे तेर आठवते. तेथील लामतुरे संग्रहालयातील सातवाहनकालीन मृण्मूर्तींचे कौशल्य वादातीत आहे. परंतु त्या हातात मावणाऱ्या वस्तू होत. मातीने विहाराची भिंत व्यापली ती आठव्या शतकात, बंगालमधील पहाडपूरच्या सोमपूर महाविहारात. तेथील दोन हजारांहून अधिक भाजलेल्या फलकांत वादक, धनुर्धारी, कसरतपटू, पशुपक्षी आहेत. साध्या माणसाला विहाराने भिंत दिली, हे आम्हांस त्या कलेचे खरे मोल वाटते.

आपल्याकडे मात्र बाजारातील छापील फरशीवर समाधान मानले जाते! ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने या तालुक्यात मातीची धास्ती बसली, हेही खरे. पण घात केला तो मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि माळवदांच्या ओझ्याने. भाजलेला पातळ फलक पक्क्या भिंतीस नीट जडविता येतो. १९२७ चे चवदार तळे, १९५६ ची नागपूरची दीक्षाभूमी हे प्रसंग विहार समित्यांनी गावच्या कुंभाराकडून घडवून घ्यावेत, फलकावर त्याचे नाव कोरू द्यावे आणि मोबदला दानाच्या नावाखाली बुडवू नये.