हान्स कोपर : वेदीपाशी उभी असलेली माती

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहराचे जुने कॅथीड्रल १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांच्या बॉम्बवर्षावात जळून गेले. त्याच्या भग्न भिंतींना लागूनच वास्तुविशारद बेसिल स्पेन्स यांनी नवे कॅथीड्रल उभारले आणि २५ मे १९६२ रोजी त्या अँग्लिकन मंदिराचे अभिषेचन झाले. आत पाऊल ठेवताच नजर जाते ती ग्रॅहम सदरलँड यांनी रेखाटलेल्या गौरवशाली ख्रिस्ताच्या प्रचंड भित्तिपटाकडे. त्याच्यापुढे, वेदीच्या दोन्ही अंगांना, माणसाहून उंच असे सहा दीपाधार उभे आहेत. त्यांना सोन्याचा मुलामा नाही, पितळेची झळाळी नाही, संतांच्या आकृती नाहीत. ते मातीचे आहेत आणि कुंभाराच्या चाकावर घडले आहेत. घडवणारा हात होता हान्स कोपर या जर्मन निर्वासिताचा. जर्मन बॉम्बांनी उद्ध्वस्त केलेल्या मंदिराच्या वेदीवरील उजेड, जर्मनीनेच देशोधडीला लावलेल्या माणसाच्या मातीने पेलावा, ही घटना विचार करायला लावणारी आहे.

कोपर यांचा जन्म १९२० साली केम्निट्झ येथे झाला. वडील ज्यू होते. नात्सी राजवटीच्या छळाने कुटुंबाची वाताहत झाली आणि १९३६ मध्ये वडिलांनी आपले जीवन संपवले. १९३९ साली कोपर इंग्लंडला पोहोचले, पण तेथेही दैवाने पाठ सोडली नाही. युद्ध पेटल्यावर 'शत्रुराष्ट्राचा नागरिक' म्हणून त्यांना अटक झाली व कॅनडातील छावणीत धाडण्यात आले. ब्रिटिश सैन्याच्या श्रमिक पथकात नाव नोंदवून ते परतले. १९४६ मध्ये कामाच्या शोधात ते लंडनमधील लूसी री यांच्या कार्यशाळेत आले. व्हिएन्नाहून परागंदा झालेल्या या ज्यू कलावतीकडे तेव्हा कपड्यांसाठी चिनीमातीची बटणे बनवण्याचे काम चाले. शिल्पकार होण्याची आस बाळगणारा, मातीकामाचा गंधही नसलेला हा तरुण बटणांपासून शिकत गेला. पुढे बारा वर्षे दोघांनी एकत्र काम केले. त्या काळातील कपबशांवर दोघांच्याही मुद्रा उमटलेल्या आढळतात.

कोपर यांची घडवण्याची रीत साधी, पण कठोर होती. एखादे पात्र ते एकसंध उचलत नसत. चाकावर दोन-तीन निरनिराळे आकार काढायचे, त्यांतील एखादा चेपून चपटा करायचा आणि मग ते एकमेकांवर जोडायचे. त्यावर पातळ केलेल्या मातीचे थर द्यायचे, ते घासायचे, खरवडायचे. विजेच्या भट्टीतून एकदाच भाजून निघालेले हे पात्र पांढुरके किंवा काळसर दिसते आणि उन्हापावसात झिजलेल्या दगडासारखा त्याचा पोत असतो. फावड्यासारखे, कळीसारखे, वाळूच्या घड्याळासारखे असे त्यांचे मोजकेच आकार आहेत. उत्तरकाळात ग्रीसच्या सिक्लाडिक बेटांवरील प्राचीन संगमरवरी मूर्तींची आठवण देणारी, अगदी निमुळत्या टोकावर तोललेली पात्रे त्यांनी घडवली.

ही भांडी की शिल्पे, हा प्रश्न समीक्षकांनी वारंवार विचारला. माझ्या मते कोपर यांचे मोठेपण असे की, त्यांनी भांड्याची साथ कधीच सोडली नाही. त्यांच्या पिढीतील अनेकांनी 'शिल्पकार' म्हणवून घेण्यासाठी तोंड बुजवले, पोकळी नाकारली. कोपर यांच्या प्रत्येक कलाकृतीला तोंड आहे, पोट आहे, काहीतरी धारण करण्याची क्षमता आहे. १९६९ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात विणकर पीटर कॉलिंगवूड यांच्यासमवेत त्यांचे प्रदर्शन भरले. त्यासाठी लिहिलेल्या छोट्या टिपणात त्यांनी स्वतःविषयी फारसे न सांगता प्राचीन इजिप्तमधील एका अनामिक कुंभाराच्या हातात मावेल एवढ्या पात्राविषयी लिहिले. त्या कुंभाराच्या ओळीत आपलाही पाट असावा, एवढीच त्यांची आकांक्षा दिसते.

त्यांच्या कामाच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. आकारांची पुनरुक्ती काही ठिकाणी जाणवते. रंगाचा आनंद त्यांनी जवळजवळ वर्ज्यच केला. १९५९ नंतर डिग्जवेल येथे वास्तूंसाठी त्यांनी फरशा व विटा केल्या, त्यांत पात्रांमधला प्राण उतरलेला नाही. उलटपक्षी, बाजाराने त्यांना डोक्यावर घेतले तेही पूर्णांशाने सुखावह वाटत नाही. २०१८ मध्ये त्यांचे एक पात्र लंडनच्या लिलावात तीन लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. एवढ्या किमतीच्या भांड्यात फूल ठेवण्याचे धाडस कोण करणार?

म्हणूनच कॉव्हेंट्रीचे दीपाधार मला त्यांच्या साऱ्या कामात विशेष मोलाचे वाटतात. चाकावर घडवलेले तुकडे एकावर एक रचून, जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्याभोवती ते उभे केले आहेत. वर रुंदावतात, मध्ये आखडतात, पुन्हा रुंदावतात. त्यांच्या माथ्यावर मेणबत्ती लागते आणि उपासना सुरू होते. संग्रहालयाच्या काचेआड गेलेल्या पात्रांना जे नाकारले गेले, ते येथे लाभले आहे : त्यांना रोजचे काम आहे. कोपर यांना धार्मिक कलावंत म्हणणे धाडसाचे होईल, तसा दावा मी करीत नाही. मात्र यिर्मयाला कुंभाराच्या घरी धाडणारा शास्त्रपाठ ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या मातीपुढे परके वाटणार नाही.

१९७५ मध्ये कोपर यांना स्नायू हळूहळू निकामी करणारा असाध्य आजार जडल्याचे निदान झाले. हातांतले बळ ओसरत असतानाही त्यांनी काम चालू ठेवले. पात्रे लहान होत गेली, पण त्यांचा तोल ढळला नाही. १९८१ साली सॉमरसेटमधील फ्रूम येथे त्यांचे निधन झाले. कॉव्हेंट्रीला जाण्याचा योग आपल्यापैकी कोणाला आलाच, तर त्या भव्य भित्तिपटावरून नजर काढून क्षणभर खाली, वेदीच्या अंगाला पाहावे.